वारा सरला का?

काशीला गेलं की एक फळ सोडायचं असतं. आमच्याकडचे जाऊन आलेले सगळे काही ना काही सोडून आलेत, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी नावडतं तेच सोडलंय. आमच्या यांनी चिकू सोडला. तो त्यांनी लग्नाआधीपासून तोंडात घातला नव्हता. थोरले दीर अप्पा, त्यांनी पपई सोडली आणि परतीच्या वाटेवर भेटेल त्याला "फार जिवावर आलं हो" असं सांगत आले.

मी मात्र जिवापाड आवडतं ते सोडलं. फणस. देवाला द्यायचं ते आपल्याला नको असलेलं कसं द्यायचं, एवढाच माझा साधा विचार.

पण माझा आवाज मुळातच लहान. घाटावर भोंगा चाललेला, घंटांचा गजर, नावाड्यांची हाकाटी. गुरुजींनी विचारलं, मी म्हटलं, "फणस." अप्पा माझ्या पुढे उभे होते. त्यांना वाटलं, हिचं बोलणं गुरुजींच्या कानापर्यंत काही जायचं नाही, म्हणून त्यांनीच मोठ्यानं सांगितलं, "अननस! आमच्या प्रमोदिनीनं अननस सोडला!" गुरुजींनी संकल्प सोडलासुद्धा. मी यांच्या बाहीला हात लावून म्हटलं, "फणस हो." हे म्हणाले, "हो हो, ऐकलं. अननस."

मी गप्प बसले. देवाला नीट ऐकू गेलं असणार, मग माणसांना कशाला उलटं बोलायचं? तेव्हापासून फणस मी देवासाठी सोडला आणि अननस अप्पांसाठी. दोन्हीवाचून काही अडलं नाही.

अडलं ते परवाच्या वर्षी.

माझं पोट वाढायला लागलं. आधी परकराची नाडी सैल बांधू लागले. कर्जतच्या आमच्या भिसेगावातल्या बायका म्हणायच्या, "प्रमोदिनीताई, उपासाचा साबुदाणा अंगी लागतोय हं." मलाही तसंच वाटलं. मग प्रदक्षिणा घालताना धाप लागायला लागली. मुलगा, गंधार, पुण्याहून आला होता, त्यानं मला देवळाच्या पायरीवर बसलेलं पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीला नेलं. तिथून खालापूरच्या अलीकडे महामार्गालगत ते मोठं रुग्णालय आहे, तिथे.

डॉक्टर प्राची नावाच्या तरतरीत बाई होत्या. माझ्या सुनेच्या वयाच्या, पण बोलणं शांत. त्यांनी कागदावर पोटाचं चित्र काढून समजावलं. अपेंडिक्समध्ये एक कर्करोग होतो. दुर्मीळ, आणि हळू चालीचा. त्याच्या पेशी एक चिकट, बुळबुळीत पदार्थ तयार करत राहतात आणि तो पोटभर पसरतो. "जेलीसारखा," त्या म्हणाल्या. मला साबुदाण्याची खीर फार वेळ ठेवली की होते ती आठवली.

"शस्त्रक्रिया करून जेवढी जेली निघेल तेवढी काढायची," त्या म्हणाल्या. "उजवीकडच्या आतड्याचा तुकडाही काढावा लागेल आणि उरलेली दोन टोकं एकमेकांना जोडायची. पण काही ठिकाणी, म्हणजे यकृताच्या मागच्या कोपऱ्यात वगैरे, हात पोचणं अवघड आहे. तिथे नळीतून एक औषध सोडायचा आमचा विचार आहे. ते जेली पातळ करतं. पातळ झाली की त्याच नळीनं बाहेर काढून घ्यायची. हे औषध अजून नवं आहे, त्याचा अभ्यास चालू आहे, म्हणून तुमची पूर्ण संमती लागेल. त्यात दोन गोष्टी असतात. एक कफ पातळ करायला देतात ती. दुसरी अननसापासून काढलेली."

"अननस?" अप्पा खुर्चीतून उठलेच. "घोटाळा झाला, डॉक्टर. हिनं काशीला अननस सोडलाय."

"काशीला राहिला?" डॉक्टरांना काही कळेना.

"राहिला नव्हे, सोडला. व्रत म्हणून. जन्मभर खायचा नाही."

हे खाली मान घालून बसले. गंधार कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, आता या बाबतीत तू हट्ट करू नकोस हं." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

खरं म्हणजे मला एक विचारायचं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, मला एवढंच..."

"तू काळजी करू नकोस, प्रमोदिनी," अप्पा म्हणाले. "मार्ग काढू. डॉक्टर, हे औषध फळाच्या रसाचं आहे का?"

"नाही, रसाचं नाही. बुंध्यापासून काढतात. देठाकडचा भाग म्हणा."

"देठ!" अप्पांचा चेहरा उजळला. "ऐकलंस? देठ म्हणजे काही फळ नव्हे!"

"पण अप्पाकाका, वांग्याचं देठ आपण भाजीत धरतो की," गंधार म्हणाला.

"वांगं फळ आहे का? उगाच फाटे फोडू नकोस. गुरुजींनाच विचारतो." आणि त्यांनी तिथेच दहिवलीच्या आमच्या गुरुजींना फोन लावला, आवाज मोठा करून. डॉक्टर हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. त्यांना मजा वाटत असावी.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अप्पा, हे तोंडावाटे घ्यायचंय का?"

"नाही, नळीनं. थेट पोटात."

"जिभेला लागणार नाही?"

"नाही."

"मग ते खाणं नव्हेच. आणि समजा असतं, तरी आजारी माणसानं औषध घेतलं म्हणून कुठला देव रागावलाय? वहिनींना नमस्कार सांगा."

अप्पांनी फोन ठेवला आणि खटला जिंकल्यासारखं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. यांनी सुस्कारा सोडला. गंधारनं माझा हात दाबला. एवढी सगळी खटपट माझ्यासाठी चाललेली, मला भरूनही आलं आणि हसूही यायला लागलं.

मी म्हटलं, "मी फणस सोडला होता."

तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. वर पंखा फिरत होता.

"काय सोडलं होतंस?" यांनी विचारलं.

"फणस. घाटावर अप्पांना अननस ऐकू आलं."

"मग इतकी वर्षं अननस का नाही खाल्लास?"

"तुम्ही कुणी दिलाच नाहीत."

डॉक्टर प्राचींनी तोंडावर फाइल धरली, पण खांदे हलत होते ते दिसलेच. अप्पा पुन्हा खुर्चीत बसले. "दर पाडव्याला मी तुझ्यासमोरून अननसाचं श्रीखंड उचलून न्यायचो गं," ते म्हणाले, "तुला मोह नको म्हणून!"

"त्याचंच मला विचारायचंय," मी म्हटलं. आता सगळे गप्प होते म्हणून बरं झालं. "डॉक्टर, एका पाडव्याला मी श्रीखंडात कच्चाच अननस चिरून घातला. सकाळी घट्ट होतं, दुपारपर्यंत पाणी झालं आणि कडूही. अननस फार खाल्ला तर जीभ सोलवटते, तेही ठाऊक आहे. म्हणजे ते दुधाचं धरलेलं सोडवतं, जिभेला खातं. माझं आतडं तुम्ही शिवणार. मग हेच औषध त्या शिवणीला नाही का सोडवणार?"

डॉक्टरांनी फाइल खाली ठेवली. खुर्ची माझ्याकडे वळवली.

"काकू, आम्हालाही आधी हीच भीती वाटली होती," त्या म्हणाल्या. "टाक्याचा धागा टिकतो. पण धागा फक्त थोडे दिवस धरून ठेवतो. खरा जोड शरीर स्वतः भरून आणतं, आणि तो ज्याचा बनलेला असतो, तसल्याच गोष्टी हे औषध तोडू शकतं. म्हणून काही ठिकाणी आधी प्राण्यांवर बघितलं. आतडं जोडलं, औषध सोडलं, मग जोड किती पक्का झालाय ते तपासलं. औषध न दिलेल्यांसारखाच भरला होता. थोड्या माणसांतही आतापर्यंत जोडावर वाईट परिणाम दिसलेला नाही. पण ते अभ्यास लहान आहेत. त्यामुळे तुम्हाला काहीच होणार नाही, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी एवढंच म्हणेन की औषध थोडा वेळ ठेवून काढून घेऊ आणि जोडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू. जोड गळला तर मात्र पोट पुन्हा उघडावं लागतं, आणि ते सोपं नसतं."

"आणि औषध नाही दिलं तर?"

"तर त्या कोपऱ्यातली जेली तशीच राहील आणि वाढत राहील."

माझ्या मनाचं समाधान झालं. सगळं छान होईल म्हणून सांगणाऱ्या माणसापेक्षा, काय ठाऊक आहे आणि काय नाही ते सांगणारा माणूस मला बरा वाटतो. मी म्हटलं, "मग द्या औषध. लक्ष तुम्ही ठेवा, मी नामस्मरण करते."

"आणि मी?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही थोडं कमी बोला," हे म्हणाले.

शस्त्रक्रिया पार पडली. त्या दिवसाचं मला सांगता येण्यासारखं काही नाही. मी झोपलेली होते आणि बाहेर या तिघांचा जीव टांगणीला. हे महडच्या गणपतीला काय काय बोलून बसले होते ते पुढे हळूहळू बाहेर आलं. जागी झाले तेव्हा पोटाला दोन नळ्या, हाताला सलाइन आणि खिडकीबाहेर माणिकगडाचा डोंगर, ऊन पडलेला. मला वाटलं, चला, आपण आहोत.

पुढचे काही दिवस ते औषध नळीतून आत सोडायचे आणि थोड्या वेळानं काढून घ्यायचे; तोंडानं मात्र काही घ्यायचं नव्हतं. इतरांना त्याचा फार त्रास होतो म्हणे. मला काय, जन्मभर सोमवार, संकष्ट्या, एकादश्या, त्यातल्या किती तरी निर्जळी. मी पडल्या पडल्या जप करायची. शेजारच्या खाटेवर सोनाबाई म्हणून खालापूरकडच्या गावच्या बाई होत्या, पित्ताचे खडे काढलेल्या. शेतावर राबलेल्या, आवाज खणखणीत. त्या मला बघून थक्क व्हायच्या.

"काय बाय तुमी! पानी पन मागत नाय. मी असते तर समद्यांना नाचवलं असतं."

"सवय आहे हो," मी म्हणायची.

"सवय घाला चुलीत. डॉक्टरीनबायला काय पायजे ठावं हाय का? वारा. वारा सरला म्हंजे आतडं जागं झालं. माझा सरला तवा पोरगी पळत जाऊन सांगून आली सगळ्यास्नी."

ते मला डॉक्टरांनीही सांगितलं होतं. आतड्यावर शस्त्रक्रिया झाली की ते रुसून बसतं. मग एक दिवस आतला वारा खालून सरतो. भूक लागते. ही चिन्हं दिसली की जोडाची निम्मी काळजी मिटते. त्यामुळे फेरीला येणारा प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारायचा, आणि तोही सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमच्या घरात त्या गोष्टीला नाव नाही. माहेरीही नव्हतं. झालं तर खिडकी उघडायची, एवढंच.

आणि झालं. एका सकाळी पोटात कुठे तरी अडकलेलं दार जरासं सरकावं तसं वाटलं, मग गुडगुड, मग... झालं. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. देवा, तुझे उपकार.

पण त्या वेळी खाटेजवळच्या खुर्चीत अप्पा बसले होते, पेपर वाचत. थोरल्या दिरासमोर ही गोष्ट कशी सांगायची? तेवढ्यात श्रद्धा नावाची सिस्टर आली, गोड मुलगी. मी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच म्हटलं, "बाळा, वारा..."

"वारा लागतोय होय काकू? थांबा." तिनं पंखा बंद केला आणि गळ्यापर्यंत पांघरूण घातलं.

"ए पोरी!" सोनाबाई कडाडल्या. "पंखा कोनी बंद केला गं? हितं घामानं अंघोळ झाली माजी!"

"काकूंना वारा लागतोय."

"त्यांना लागतोय तर मग मला का उकडून काढतेस? लाव पंखा!"

पंखा पुन्हा लागला. माझा निरोप मात्र तिथेच राहिला. मग फेरीचे तरुण डॉक्टर, अक्षय, आले. "काय काकू, वारा सरला का?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा संकोच ओळखून नेहमीप्रमाणे माझ्या मदतीला धावले. "नाही हो. मी सकाळपासून इथेच बसलोय. काहीही नाही."

"भूक?"

"छे. अन्नाचं नावसुद्धा काढत नाही ती."

हेही खरंच होतं. मी नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी एकादशी होती.

डॉक्टर अक्षयनी लिहून घेतलं आणि गेले. मी म्हटलं, जाऊ दे, हे संध्याकाळी आले की त्यांच्या कानात सांगू. संध्याकाळी हे आले ते बहीणभावांच्या घोळक्यात, आणि नंतर मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर प्राची स्वतः आल्या तेव्हा हसल्या नाहीत. त्यांनी नळीच्या पिशवीकडे बराच वेळ पाहिलं. आदल्या दिवसापर्यंत त्यातलं पाणी साधारण स्वच्छ यायचं, आज गढूळ होतं. नाडी पाहिली, ताप पाहिला, पोटाला हात लावला. मग यांना आणि अप्पांना खाटेच्या पायथ्याशी बोलावलं. गंधार सकाळीच पुण्याहून आला होता, तोही गेला. त्यांनी आवाज खाली केला होता, पण माझे कान तयार आहेत. लहान आवाजाच्या माणसाचे कान तिखट असतात.

"हे गढूळ पाणी दोन कारणांनी येऊ शकतं," त्या म्हणत होत्या. "एक तर औषधानं जेली विरघळून बाहेर पडतेय. तसं असेल तर उत्तमच. पण आतड्याचा जोड गळत असेल तरीही असंच दिसू शकतं. एरवी मी इतकी घाबरले नसते. पण वारा सरलेला नाही, भूक नाही. आतडं अजून झोपलंय. म्हणून मला आज स्कॅन करायचाय. जोड गळत असेल तर थांबता येणार नाही, पुन्हा उघडावं लागेल."

यांनी खाटेचा कठडा धरला. इतक्या वर्षांत मी यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. गंधारनं यांच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मला कळलं, या तिघांच्या छातीवर बसलेला अर्धा धोंडा माझ्या एका शब्दानं उचलला जाणार आहे, आणि तो शब्द मी लाजेपायी तोंडात धरून बसलेय.

मी म्हटलं, "सरला."

अप्पा डॉक्टरांना विचारत होते, "म्हणजे लगेच आजच..."

मी पुन्हा म्हटलं, "सरला हो."

"बघ तिला काही हवंय का," अप्पा गंधारला म्हणाले. "उशी सरळ कर तिची."

गंधारनं उशी सरळ केली.

मग मात्र मी देवाचं नाव घेतलं, पोटाला हात लावून धरला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. "वारा सरला! काल सकाळीच सरला! आजही सरला! पुष्कळदा!"

वॉर्डातली सगळी कुजबुज थांबली. एक म्हातारे गृहस्थ नातेवाईकाला भेटायला आले होते, ते दारातच उभे राहिले. आणि मग सोनाबाई टाळ्या पिटत उठून बसल्या. "सरला म्हनत्यात! ऐका गं बायांनो, सरला! आन् हितं मानसं रडाया लागलीत!"

डॉक्टर प्राची माझ्या उशाशी आल्या. "काकू, काल? मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. श्रद्धानं पंखा बंद केला."

श्रद्धानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अगं बाई! तो वारा!"

"आणि डॉक्टर अक्षयनी विचारलं तेव्हा?"

अप्पांनीच हळूच बोट वर केलं, शाळेत करतात तसं. "मी उत्तर दिलं. पण मी तिथेच बसलो होतो हो! मला कळलं कसं नाही?"

"तुम्ही तेव्हा पेपराचं पान उलटत होतात," मी म्हटलं.

गंधार हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग भिंतीला टेकून. यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"आणि भूक?" डॉक्टरांनी विचारलं. "खरं सांगायचं हं."

"भूक कालपासून आहे. पण काल एकादशी होती. एकादशीला भूक लागली म्हणून कुणी सांगतं का?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही इकडे भुकेची वाट बघतोय आणि बाई एकादशी करताहेत! काकू, माझ्या वॉर्डात आजपासून सगळी व्रतं बंद. इथे एकच नेम: जे होईल ते मला मोठ्यानं सांगायचं."

"तेवढं जमेल," मी म्हटलं. नेम म्हटल्यावर मी मोडत नाही.

तरी त्यांनी स्कॅन टाळला नाही. "ही चिन्हं चांगली आहेत," त्या म्हणाल्या, "पण वाऱ्यावर विसंबून मी जोड पक्का म्हणणार नाही. डोळ्यांनी बघू." स्कॅनआधी एक औषधी पाणी प्यायचं होतं. ते आतड्यातून जाताना चित्रात दिसतं. जोड पक्का असेल तर ते आतल्या आत पुढे जातं, फट असेल तर बाहेर झिरपलेलं दिसतं. इतक्या दिवसांनी तोंडाला लागलेलं ते पहिलं पाणी. चव चुन्यासारखी होती. मी डोळे मिटून तीर्थासारखं घेतलं.

मग वाट पाहणं. हे माझ्या खाटेशी बसले होते. मी म्हटलं, "घाबरलात?" ते म्हणाले, "नाही." मग म्हणाले, "हो." मी त्यांचा हात हातात घेतला. चारचौघांत मी असं कधी केलं नव्हतं, पण एवढं मोठ्यानं ओरडून झाल्यावर आता लाजायचं राहिलंच काय होतं? पलीकडे सोनाबाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या.

डॉक्टर प्राची आल्या त्या जवळजवळ धावतच. त्यांनी मोबाइलवर चित्र आणलं होतं. काळ्या-करड्या ढगांत एक पांढरी शुभ्र वाट वळणं घेत गेलेली. "ही बघा," त्या म्हणाल्या. "हा जोड. इथून पाणी गेलं, हे पुढे पोचलं. बाहेर एक थेंब नाही. आणि इकडे यकृतामागे बघा, कोपरा रिकामा व्हायला लागलाय. गढूळ पाणी त्या जेलीचंच. औषधानं जेली धुतली आणि जोडाला हातही लावला नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या बाबतीत नाही लावला. सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही, ते ठरायला अजून पुष्कळ माणसं बघावी लागतील. पण आज मला फार आनंद झालाय, काकू."

"मलाही," मी म्हटलं. मोठ्यानं.

यांनी त्या चित्रातल्या वाटेला बोट लावून नमस्कार केला. डॉक्टरांच्या मोबाइलला.

अप्पा बाहेर गेले आणि घराच्या ग्रुपवर 'वारा सरला' असं टाकून मोकळे झाले. पुढेमागे एक अक्षर नाही. रसायनीच्या माझ्या मावसबहिणीनं ते घाईत वाचलं आणि रडतच फोन केला, "कोण वारला रे?" तिला समजावता समजावता गंधारची पुरेवाट झाली. दुपारपर्यंत कर्जतभर बातमी होती. देवळात म्हणे साखर वाटली गेली, आणि कशाबद्दल ते गुरुजींनी न संकोचता सांगितलं.

त्या संध्याकाळी मला भाताची पातळ पेज मिळाली, मीठ घातलेली. सोनाबाई दुसऱ्या दिवशी घरी जाणार होत्या. त्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. "आता गावाला येवा आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "तांदळाची भाकर घालते. आन् कसलं बी फळ सोडू नगा आता, आमच्या दारात समदी झाडं हायत."

"सोडणार नाही," मी म्हटलं.

आता घरी येऊन बरेच महिने झाले. थोडी जेली कुठे कुठे अजून आहे, तपासणीला जावं लागतं, ते डॉक्टरांनी लपवलेलं नाही. पण प्रदक्षिणा घालताना धाप लागत नाही, आणि परकराची नाडी पुन्हा जुन्या खुणेवर आलीय. महडला दर्शन झालं. यांनी बोललेलं सगळं फेडलं. ते किती होतं हे ऐकून गणपतीही चकित झाला असेल.

घरी आल्यावरचा पहिला खरा घास मला आठवतो. मऊ भात, वर तूप, लिंबाची फोड. आधी देवाला दाखवला, मग पानात घेतला. जेवून झाल्यावर कॉटवर जरा आडवी झाले तर पोट बोलायला लागलं. गुडगुड, मग थांबायचं, मग कुठून तरी लांबून परत गुडगुड. हे स्वयंपाकघरातून हातातलं फडकं तसंच घेऊन आले.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही हो. पचतंय."

त्यांचा विश्वास बसेना. कॉटच्या कडेला गुडघे टेकून त्यांनी माझ्या पोटावर कान लावला, टाक्यांच्या जागेला धक्का लागणार नाही असा. बाहेर रिक्षा गेली, शेजारचं कुणी तरी कपडे आपटत होतं. हे डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या केसांतला खोबरेल तेलाचा वास माझ्यापर्यंत येत होता.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"श्श," हे म्हणाले. "अजून बोलतंय."